पाणी तपासले, पण कुठल्या नळाचे? पालिकेकडून कागद कसा मागायचा

नळाला गढूळ पाणी येते, पाण्याला गटाराचा वास येतो, अशी तक्रार घेऊन पालिकेत गेले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "पाणी तपासलेले आहे, पिण्यास योग्य आहे." इकडे वस्तीत मात्र एका घरात कावीळ, दुसऱ्यात हगवण, तिसऱ्यात टायफॉइड. दवाखान्याचा खर्च होतो, मजुरी बुडते आणि पाण्याची जार विकत घ्यावी लागते ती वेगळीच.

या उत्तरावर भांडण्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. तपासले ते पाणी कुठल्या नळाचे होते? आणि कोणत्या तारखेला? ही दोन्ही उत्तरे पालिकेच्या कागदावर असतात, आणि तो कागद मागण्याचा हक्क आपल्याला कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी लागतात दहा रुपये, एक अर्ज आणि थोडी चिकाटी. या वेळच्या आरोग्य पानावर तो अर्ज कसा करायचा आणि हाती आलेला कागद कसा वाचायचा, हे पाहू.

टाकीचे पाणी आणि वस्तीचे पाणी

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असते आणि तेच पाणी वस्तीच्या शेवटच्या नळाला येईपर्यंत दूषित होऊ शकते. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद असते त्या वेळी जलवाहिनीतला दाब उतरतो. नळाची लाइन गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली असेल आणि तिचा सांधा गळत असेल, तर दाब उतरल्यावर आजूबाजूचे घाण पाणी त्याच फटीतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या काही मिनिटांत ते आपल्या हंड्यात येते. काही जण थेट लाइनला मोटर लावून पाणी खेचतात, त्यानेही ही ओढ वाढते.

म्हणून टाकीजवळ घेतलेला नमुना "योग्य" निघाला, तरी त्यावरून शेवटच्या गल्लीतल्या नळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नमुना कुठे घेतला, हे कळणे त्यामुळेच महत्त्वाचे आहे.

कायदा काय देतो

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ मध्ये आला. त्यानंतर संसदेने केलेला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सगळी कार्यालये या कायद्याखाली येतात. वस्तीतल्या माणसाने यातल्या पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. घर स्वतःचे आहे की भाड्याचे, वस्ती घोषित आहे की अघोषित, घरपट्टी भरली आहे की नाही, यावर हा हक्क अवलंबून नाही.

माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. अधिकाऱ्याने कारण विचारले तर "कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण देणे बंधनकारक नाही," एवढे शांतपणे सांगावे.

अर्ज मराठीत करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी स्वरूपात उतरवून घेण्यासाठी मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. मात्र तसा पुरावा अर्जाला जोडावा लागतो.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर दिले पाहिजे. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते.

पिण्यासाठी स्वच्छ पाणी मागणे म्हणजे कोणाच्या मेहरबानीची अपेक्षा नव्हे. राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सांगितले आहे.

"का?" विचारू नका, नोंद मागा

बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी अडतात. लोक अर्जात विचारतात: "आमच्या वस्तीला घाण पाणी का येते? याला जबाबदार कोण? पाइप कधी बदलणार?" हे प्रश्न रास्त आहेत, पण या कायद्यात त्यांचे उत्तर मिळत नाही. कार्यालयाकडे जी माहिती कागदावर, फाइलमध्ये, नोंदवहीत किंवा संगणकात आधीपासून आहे, तीच मागता येते. अधिकाऱ्याने आपले मत द्यावे किंवा कारणमीमांसा करावी, असे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून असा अर्ज "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" या एका ओळीने परत येतो.

तोच प्रश्न नोंदीच्या भाषेत विचारायचा.

"घाण पाणी का येते?" याऐवजी "वस्तीतील नळांवरून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात."

"पाइप कधी बदलणार?" याऐवजी "वस्तीतील जलवाहिनी बदलण्याबाबतचा प्रस्ताव, अंदाजपत्रक व कार्यारंभ आदेश यांच्या प्रती द्याव्यात."

"तक्रारीचे काय झाले?" याऐवजी "दिनांक अमुक, आवक क्रमांक अमुक या माझ्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात."

अर्जाचा नमुना

महाराष्ट्रात अर्जासाठी "जोडपत्र अ" हा ठरलेला नमुना आहे. झेरॉक्सच्या दुकानात तो मिळतो, हाताने लिहिला तरी चालतो. २०१२ च्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा. म्हणून पाण्याच्या तपासणीचा अर्ज वेगळा, गटाराचा वेगळा, कचऱ्याचा वेगळा करावा. पाण्याचा अर्ज असा लिहिता येईल:

प्रति, जन माहिती अधिकारी, पाणीपुरवठा विभाग, (महापालिकेचे / नगरपरिषदेचे नाव)

१) अर्जदाराचे नाव व पत्ता.

२) माहितीचा विषय: पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांची तपासणी.

३) कालावधी: दिनांक ... ते दिनांक ...

४) माहितीचे वर्णन:

(क) या कालावधीत प्रभाग क्रमांक ... मध्ये घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदवहीची प्रत. त्यात तारीख, नमुना घेतल्याचे ठिकाण व क्लोरिनचे प्रमाण असावे.

(ख) त्यापैकी ... नगर या वस्तीतील नळांवरून घेतलेल्या नमुन्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल.

(ग) "पिण्यास अयोग्य" ठरलेल्या नमुन्यांबाबत केलेल्या कार्यवाहीची कागदपत्रे व फेरतपासणीचे अहवाल.

५) माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः.

६) दारिद्र्यरेषेखालील आहे / नाही.

दिनांक, ठिकाण, सही.

कालावधी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. पाच वर्षांचे मागितले तर कागदांचा ढीग होतो, पैसे जास्त लागतात आणि टाळायला निमित्तही मिळते.

अर्ज कोणाकडे द्यायचा

महापालिकेत पाणीपुरवठा विभागाचा किंवा आपल्या प्रभाग कार्यालयाचा जन माहिती अधिकारी असतो. त्याचे नाव आणि पद कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असते. ग्रामपंचायतीत हे काम ग्रामसेवक, म्हणजेच आताचे ग्रामपंचायत अधिकारी पाहतात. नमुने घेण्याचे काम पाणीपुरवठा विभाग करतो की आरोग्य विभाग, हे ठिकठिकाणी वेगळे असते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांचे काम आहे.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा दहा रुपये रोख भरून पावती घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमचे हत्यार आहे, कारण ३० दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजायचे आहेत. पोच द्यायला नकार दिला तर तिथेच वाद घालू नका. पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

काही दिवसांनी "इतकी पाने आहेत, इतके पैसे भरा" असे पत्र येईल. साध्या प्रतीला पानामागे दोन रुपये लागतात. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून पैसे लवकर भरा.

पाने फार असतील तर प्रती मागण्याऐवजी फाइल पाहायला मागता येते. पाहणीचा पहिला तास मोफत आहे, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. पाहताना टिपणे काढता येतात आणि हवी तेवढीच पाने निवडून त्यांच्या प्रती घेता येतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढले होते. आपल्या पालिकेत ही सोय चालू आहे का, ते विचारून घ्या.

आलेला कागद कसा वाचायचा

पहिल्यांदा ठिकाणाचा रकाना पाहा. टाकी, पंपगृह, प्रभाग कार्यालय, शाळा अशीच नावे आहेत का? आपल्या वस्तीचे नाव त्यात किती वेळा आले आहे? लाइनच्या शेवटच्या टोकाचा नळ त्यात आहे का?

मग तारीख पाहा. वस्तीत रुग्ण निघाले त्या आठवड्यात नमुना घेतला होता का? घरातले केसपेपर जवळ ठेवून तारखा जुळवा.

नंतर क्लोरिन. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरिन असावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. १०५०० सांगते. टाकीवर क्लोरिन भरपूर आणि वस्तीच्या नळावर शून्य असेल, तर तो वाटेत संपतो आहे. अंतर लांब असल्याने असे होऊ शकते, किंवा वाटेत घाण मिसळत असल्यानेही होऊ शकते. दोन्ही बाबतीत त्या लाइनची तपासणी व्हायला हवी.

शेवटी जिवाणू. अहवालात "ई. कोलाय" किंवा "कोलीफॉर्म" असे शब्द असतात. ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून येतो. १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. सापडला, तर पाण्यात मैला मिसळतो आहे असा त्याचा अर्थ. मग "पिण्यास अयोग्य" ठरल्यावर गळती शोधली का, दुरुस्ती केली का, पुन्हा नमुना घेतला का, हे (ग) क्रमांकाच्या कागदात दिसले पाहिजे.

समजा, सहा महिन्यांत प्रभागात वीस नमुने घेतले आणि त्यांतला एकही आपल्या वस्तीतला नाही. किंवा उत्तर आले, "सदर वस्तीतील नमुन्यांची माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." असे उत्तर पाहून अनेक जण निराश होतात आणि कागद फेकून देतात. तसे करू नका. आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या तपासणीची नोंदच नाही, हे पालिकेनेच सहीशिक्क्यानिशी लिहून दिले आहे. "पाणी तपासलेले आहे" असे आता कोणी तोंडी सांगू लागले, तर तेच पत्र पुढे ठेवा.

उत्तर आले नाही तर

३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा अर्धवट उत्तर आले, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याचा नमुना "जोडपत्र ब", स्टॅम्प वीस रुपयांचा. हे अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जाते. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला बोलावले तर जरूर जा, सोबत एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला न्या.

तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांच्या आत "जोडपत्र क" भरून राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असतात, वेळ लागतो, हे आधीच समजून घ्या. पण विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, स्वतःच्या खिशातून भरायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्यामुळे पुष्कळदा पहिले अपील दाखल होताच कागद हलतो.

पाण्याशिवाय आणखी काय मागता येते

नालेसफाईचा कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तक: किती मीटर नाला साफ केल्याचे बिल काढले, ते त्यात असते. सार्वजनिक शौचालयाच्या देखभालीचे कंत्राट: दिवसातून किती वेळा सफाई करायची, ते त्यात लिहिलेले असते. घंटागाडीचे लॉगबुक. डासांसाठी केलेल्या धूर फवारणीच्या नोंदी. महापालिका दरवर्षी तयार करते तो पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. वस्तीजवळ कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याला दिलेले संमतिपत्र आणि सांडपाण्याच्या तपासणीचे अहवाल. प्रत्येक वेळी पद्धत तीच: विषय एक, कालावधी ठरलेला, कागदाचे नाव नेमके.

कागद मिळाल्यावर

कागदाने पाणी स्वच्छ होत नाही. हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, तळ्यावर मात्र आपल्या माणसाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला आणि पुढे १९३७ पर्यंत कोर्टात लढावे लागले. कागद आधी हाती हवा, आणि तो हाती आल्यावर माणसांनी उभे राहायला हवे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

म्हणून अहवाल हाती आला की तो घरात ठेवू नका. विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. मग वस्तीच्या सह्यांचे एक निवेदन तयार करा आणि अहवालाची प्रत जोडून ते पाणीपुरवठा अभियंता, आरोग्य अधिकारी आणि नगरसेवक या तिघांना द्या. मागण्या नेमक्या ठेवा: अमुक तीन नळांवरून, पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, वस्तीतल्या लोकांसमोर नमुने घ्यावेत; गटारातून गेलेली लाइन बाहेर काढावी; दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी करून अहवाल फलकावर लावावा.

"निधी नाही" असे उत्तर आले तर मध्य प्रदेशातल्या रतलामची आठवण द्या. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांच्याविरुद्ध कोर्टात गेले. पालिकेने पैशाची अडचण सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते म्हणणे नाकारले: लोकांचे आरोग्य जपणे हे पालिकेचे कर्तव्य आहे, आणि पैसा नाही म्हणून ते टाळता येणार नाही. अघोषित वस्तीचे कारण सांगितले तर मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल आहे. पाणी हक्क समितीच्या त्या याचिकेत न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही.

तोपर्यंत घरात काय करायचे

अर्जाचे उत्तर यायला महिना लागेल, पोटाचा आजार तेवढा थांबणार नाही. पाणी सुटल्यावर पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्यासाठी वापरा. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळा आणि झाकून ठेवा. आरोग्य केंद्रातून क्लोरिनच्या गोळ्या मिळाल्या तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरा. पाण्याला रसायनाचा किंवा रॉकेलसारखा वास येत असेल तर उकळून उपयोग नाही, ते पाणी पिऊ नका.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मूल मलूल झाले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडू लागले किंवा डोळे पिवळे दिसले, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि दवाखान्यातून परत आल्यावर केसपेपर फेकू नका. एकाच गल्लीत आठवड्याभरात दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ झाली, तर त्याच दिवशी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. विहारात एक फाइल करा. त्यात केसपेपरच्या झेरॉक्स, अर्जांच्या पोच, आलेली उत्तरे आणि निवेदने तारखेप्रमाणे लावा. फाइल सांभाळण्याची जबाबदारी दोघांवर द्या, म्हणजे एक जण बाहेरगावी गेला तरी अपिलाची मुदत चुकणार नाही.